सव्वीस नंबरचा बिल्ला

ऑफिसात माझ्या खुर्चीमागे एक फळी आहे. फळीवर चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर ॲल्युमिनियमचा एक बिल्ला. सकाळी जो कोणी डोंगरात जाईल त्याने वहीत नाव, फोन नंबर आणि वाट लिहायची, एक बिल्ला खिशात टाकायचा. परत आला की बिल्ला काचेखालून माझ्याकडे द्यायचा. मी तो खिळ्यावर अडकवते. संध्याकाळी सहाला मी मागे वळून बघते. रिकामा खिळा दिसला तर फोन लावते, आणि साडेसहापर्यंत पत्ता लागला नाही तर आमची माणसं वर शोधायला जातात.

हा नियम माझा. आमचा धंदा गिर्यारोहणाच्या सहलींचा. चार दिवस, सहा दिवस, दोर लावून कडा चढायचा असेल तर आठ दिवस. पाहुणे येतात ते अंगभर खिसे असलेले कपडे घालून, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारतात, शिखरावर चार्जिंगची सोय आहे का. अशांच्या भरवशावर राहून चालत नाही. नवरा आणि दीर डोंगर सांभाळायचे, सासूबाई स्वयंपाकघर, आणि मी फळी. नवरा शीळ घालत काम करायचा आणि बिल्ल्यांवरून मला चिडवायचा. म्हणायचा, "तुझ्या हातात असतं तर मलाही रात्री खिळ्यावर टांगून ठेवलं असतंस."

तो जाऊन आता एक वर्ष आणि अकरा दिवस झाले.

त्या संध्याकाळी सव्वीस नंबरचा खिळा रिकामा होता. एकटाच आलेला माणूस, कड्याखालच्या वाटेने गेलेला. फोन बंद. नवरा नुकताच एका गटाला घेऊन खाली आला होता आणि पायरीवर बसून त्याने बूट काढले होते.

"अगं, बसने गेला असेल. बिल्ला राहिला असेल खिशात," तो म्हणाला.

"असेल म्हणून चालत नाही. बिल्ला नाही म्हणजे माणूस आला नाही."

"पाच मिनिटं तरी बसू दे."

"तिकडे कोणी पाय मोडून पडला असेल तर त्यालाही सांगू का पाच मिनिटं थांब म्हणून?"

त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, आणि परत बूट घातले. सोबत दीर गेला. अंधार पडायच्या जरा आधी, घळीतल्या ओल्या दगडावरून नवऱ्याचा पाय सुटला. दीर वीस पावलं मागे होता. घळीतून वॉकी-टॉकी लागत नाही. दीर रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिला आणि उजाडल्यावर एकटा खाली आला.

इकडे मी, ते दोघं अजून शोधतायत असं धरून, रात्रभर त्या माणसाचा फोन लावत होते. सकाळी सातला लागला. "हो हो, पोचलो घरी! रात्री बॅटरी गेली होती. काही काम होतं का?" मला इतका आनंद झाला, इतका की मी त्याला म्हणाले, "नाही, नाही, सहज केला होता." फोन ठेवून मी चहा टाकायला उठले. चहा उकळत असताना दीर दारात आला.

म्हणजे त्या माणसाला काही कळलंच नाही. दीर कितीदा म्हणाला, वहिनी, फोन करून सांगा त्याला. मी म्हणाले, फोनवर नाही. कधीतरी येईल तो, तेव्हा तोंडावर सांगीन. घरात त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. सगळे त्याला सव्वीस नंबर म्हणायचे. सासूबाई भाजी चिरता चिरता मध्येच म्हणायच्या, "त्या सव्वीस नंबरचं तोंड मला एकदा बघायचंय." दीर तो खिळा उपटून टाकायला निघाला होता. मी त्याला हात लावू दिला नाही.

मी ऑफिस चौदाव्या दिवशी उघडलं. लोक म्हणायचे, बाई किती खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! मला काही वाटतच नव्हतं. मी पाहुण्यांशी हसत होते, खोल्यांच्या किल्ल्या देत होते, कोणाला कुठल्या मापाचे बूट ते बघत होते. जेवण समोर आलं की जेवायचे. एकदा इस्त्री हातावर टेकली, तेव्हा आधी वास आला आणि मग कळलं की हात आपला आहे. सासूबाई माझ्या हाताला मलम लावताना रडल्या. मी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, घड्याळात किती वाजले ते बघत होते.

एकच गोष्ट माझ्याकडे होती. एक वाक्य. 'तुम्ही बिल्ला दिला नाहीत, म्हणून माझा नवरा गेला.' भांडी घासताना, चादरी वाळत घालताना मी ते मनात म्हणून बघायचे. शेवटी 'मेला' म्हणायचं की 'गेला', यावर माझे दोन महिने गेले. ते वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं की बहुतेक मला रडू येईल, असं मी धरून चालले होते. नाही आलं तर पुढे काय, हे मी ठरवलं नव्हतं.

आज दुपारी तीनच्या बसने एक कुटुंब आलं. बुकिंग बाईच्या नावावर होतं: दोन मोठे, एक लहान, चार दिवस, सोप्या वाटा. बाई मुलीला घेऊन खोली बघायला वर गेली. तिचा नवरा फॉर्म भरायला खाली थांबला. फॉर्म भरून झाला तरी तो काचेपाशी घुटमळत राहिला.

"तुम्ही ओळखलं नसेल मला," तो म्हणाला. "मागच्या वर्षी येऊन गेलोय मी. एकटाच आलो होतो." आणि शाळेतल्या मुलाने चोरून आणलेली वस्तू परत करावी तसं त्याने खिशातून काहीतरी काढून काचेखालून सरकवलं.

सव्वीस नंबरचा बिल्ला होता.

"कोट धुवायला काढला तेव्हा बायकोला सापडला," तो म्हणाला. "म्हटलं पोस्टाने पाठवावा. मग म्हटलं, नको, आपणच जाऊ, हिलाही डोंगर दाखवू. चुकलंच माझं. तुमची फळी वर्षभर अपुरी राहिली असेल."

मी त्याच्याकडे बघत राहिले. वर्षभर मी याला उंच, मस्तवाल, चघळत चघळत बोलणारा असा कल्पला होता. हा तर साधा, किडकिडीत, चष्म्याची काडी टेपने चिकटवलेला माणूस. मी वाक्य तोंडाशी आणलं. पण त्याच्याआधी, का कोण जाणे, प्रश्नच बाहेर पडला.

"तेव्हाच का नाही दिलात?"

"देणारच होतो हो! पावणेपाचला इथेच उभा होतो, हा बिल्ला हातात धरून. तुम्ही फोनवर होतात. कुठल्या तरी मोठ्या गटाचं बुकिंग चाललं होतं. फोन मानेत धरून लिहीत होतात. मी काचेवर टकटक केलं, बिल्ला दाखवला. तुम्ही वर बघितलंत, मान हलवलीत, आणि हाताने जा जा केलंत. बस सुरू झाली होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. म्हटलं, बाईंनी बघितलंय आपल्याला, आता काय. पळालो. बिल्ला हातातच राहिला."

"असं काही झालं नाही," मी म्हणाले.

"तुमच्या लक्षात कसं राहणार! दिवसभरात किती माणसं येतात तुमच्याकडे." तो समजुतीने हसला. "मला मात्र चांगलं आठवतंय, कारण तुम्ही फोनवर असं काही बोललात की मला हसू आवरेना. म्हणालात, 'डोंगर चढायला येताय आणि वरच्या मजल्यावरची खोली नको? जिना चढवत नाही?' बसमध्ये एकटाच हसत होतो मी. घरी जाऊन हिला पण सांगितलं."

मी ते बोलले होते.

कुठल्याशा कारखान्याचा क्रीडा विभाग होता तो. तीस माणसं. त्यातल्या सहाजणांना तळमजला हवा होता. इतकं मोठं बुकिंग आमच्याकडे आधी कधी आलं नव्हतं, म्हणून मला भारी आनंद झाला होता आणि मी फोनवर जरा जास्तच लाडात आले होते. मी ते वाक्य बोलले आणि काचेपलीकडे कोणीतरी हसलं. ते हसू मला आता ऐकू आलं. त्याचा चेहरा आठवत नव्हता, पण काचेला लावलेली बोटं आठवली, आणि त्या बोटांना मी ज्या हाताने जा म्हटलं त्यात पेन होतं तेही आठवलं. फोन ठेवल्यावर मी तीस माणसांची मोठी बातमी सांगायला स्वयंपाकघरात धावले होते. सहाला परत येऊन फळीकडे बघितलं.

"बरं नाही का वाटत तुम्हाला?" सव्वीस नंबरने विचारलं.

"नाही. ठीक आहे."

"आणि एक विनंती होती. मागच्या वेळी सकाळी मला वाट समजावून सांगणारे ते होते ना, शीळ घालत काम करणारे? चार दिवस तेच आमच्याबरोबर आले तर बरं होईल. माझ्या मुलीला शीळ शिकायचीय."

तेवढ्यात दीर मागच्या दाराने आत आला. दोन्ही खांद्यांवर दोर, अंगभर धूळ. "वहिनी, उद्याच्या गटाला हेल्मेट कमी—" म्हणता म्हणता त्याची नजर टेबलावर गेली. त्याने बिल्ला उचलला, उलटा केला, सुलटा केला. दोर खांद्यावरून खाली घसरले ते त्याने घसरू दिले.

"हाच का तो?"



दीर टेबलाला वळसा घालून काचेपलीकडे गेला आणि त्याने त्या माणसाची कॉलर धरली. मारलं नाही. नुसती धरली. "तुम्हाला माहीत आहे का," तो म्हणाला, "तुमच्या या एका पत्र्याच्या तुकड्यापायी काय झालं? काही कल्पना आहे?"

माणूस माझ्याकडे बघायला लागला. चष्मा तिरका झाला होता. "बाई, काय झालं? मी बिल्ला आणून दिलाय... काय झालं?"

इथे मी खरं सांगते. मी गप्प बसले. मला फक्त गप्पच बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. माझं वाक्य दिराने म्हटलं असतं. हा माणूस भांडला नसता. मी जा म्हटलं होतं, हे सांगायचं भानही त्याला राहिलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी दिराने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. त्याने ते सगळं आपल्या डोक्यावर घेतलं असतं, बायको-मुलीला घेऊन संध्याकाळच्या बसने परत गेला असता आणि जन्मभर ते वागवलं असतं. आणि मी उद्या सकाळी उठून किल्ल्या दिल्या असत्या, बूट मोजून दिले असते. सासूबाईंनी माझं ताट आधी वाढलं असतं, वर्षभर वाढतायत तसं. मी हे सगळं नीट, शांतपणे बघितलं. त्यातली एकही गोष्ट मला अवघड वाटली नाही.

"भाऊजी," मी म्हणाले, "सोडा त्यांना."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. वर्षभर तुम्हीच म्हणत होतात ना, तोंडावर सांगीन?"

"सोडा म्हणते ना. आणि आईंना बोलवा. मला एकदाच सांगता येईल."

बोलवावं लागलं नाही. आवाज ऐकून सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्याच होत्या. त्यांनी दिराच्या हातातला बिल्ला बघितला, मग त्या माणसाकडे बघितलं. ज्याचं तोंड त्यांना एकदा बघायचं होतं, ते त्यांनी बराच वेळ बघितलं.

"आई, हे गृहस्थ वेळेवर परत आले होते," मी म्हणाले. "पावणेपाचला, इथे काचेपाशी. बिल्ला दाखवत होते. मी फोनवर होते. मी यांना बघितलं आणि जा म्हटलं."

दिराने कॉलर सोडली.

"तू बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तरी माझ्या मुलाला वर पाठवलंस?"

"विसरले होते. आज आठवलं. आत्ता."

वरच्या मजल्यावर ती मुलगी इकडून तिकडे धावत होती, छत दणदणत होतं. सव्वीस नंबर चष्मा हातात घेऊन उभा होता. त्याला अजूनही काही कळलं नव्हतं, किंवा आता कुठे कळायला लागलं होतं.

सासूबाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही वर जा," त्या म्हणाल्या. "तुमची माणसं वाट बघत असतील."

तो गेला. त्याची पावलं जिन्यावर वाजली, दार उघडलं, लागलं. दीर खाली बसून दोर गोळा करत होता, उगाचच, एकच वेटोळं पुन्हा पुन्हा. सासूबाई अजून जिन्याकडेच तोंड करून उभ्या होत्या. त्या आता माझ्याकडे वळतील म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरली. मला भीती वाटत होती. वर्षभरात मला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, ते हे.