हॉटगेचं कवच
हॉटगेच्या काढ्याचा वास आला की मला आता मळमळतं, आणि माझं दुकानच त्या काढ्याचं आहे. जांगहंगच्या बाजारात मी झाडपाला उकळते, पाऊचमध्ये भरते आणि विकते. हॉटगेच्या झाडाचं लाकूड लिव्हरला जपतं म्हणून बायका नवऱ्यांसाठी खोकीच्या खोकी नेतात. नवरे दुकानाच्या दारातच दातांनी पाऊच फोडतात, घटाघट पितात आणि तिथूनच समोरच्या गुत्त्यात शिरतात. आधी काढा घेतला की कितीही सोजू प्यायली तरी बाधत नाही, असं या बाप्यांनी आपसांत ठरवून टाकलंय. शी!

त्यांतला सगळ्यांत मोठा शहाणा माझ्याच घरात होता. माझा नवरा मानसू. पुढे पुढे तर तो पेल्यात अर्धा काढा आणि अर्धी सोजू मिसळायचा. "औषध आणि रोग एकदमच पोटात गेले, भांडण मिटलं," असं म्हणून स्वतःच हसायचा. मग माझ्या धुतलेल्या पातेल्यांवर ओकायचा. ती तपकिरी, गोडसर वासाची ओकारी मी वर्षानुवर्षं पुसलीय. पुसताना मला त्याची दया कधीच आली नाही. किळसच यायची.

यंदा त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. ग्वांगजूच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लिव्हर संपलंय, दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल.

"असं कसं? मी तर रोज हॉटगे घेत होतो," मानसू म्हणाला. "त्यावर प्रयोग झालेत. पेपरात आलं होतं."

"उंदरांवर झालेत," बाई म्हणाल्या. "त्या उंदरांना रोज संध्याकाळी दोस्तमंडळी बोलवायला येत नव्हती. आता सगळे काढे बंद. जो कोणी तुकडा देईल, त्यानंही झाडपाल्याला हात लावायचा नाही."

जो कोणी म्हणजे कोण, ते आमच्याकडे विचारावं लागत नाही. बापाला पोरं देतात. मालसून वन्सं, म्हणजे मानसूची थोरली बहीण, दुसऱ्याच दिवशी नासपतीची पेटी घेऊन आल्या आणि आमची लेक सोरिम, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"गुणाची पोर गं माझी. लिव्हर काय, परत वाढतं. मंदिरामागच्या त्या पोरानं दिलं, तर गावानं त्याच्या नावाचा फलक लावला."

"वन्सं, तिचं वय बघा," मी म्हटलं.

"वय बघूनच म्हणतेय. कोवळं आहे."

बाजारात मासळी निवडताना बाई बोलते, तशा बोलल्या. माझ्या अंगावर काटा आला. सोरिम मात्र तपासायला तयार झाली. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं उत्तम निघालं, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना सांगितलं. आता फक्त, तुकडा मनापासून देतेयस ना, हे बाई तिला एकटीला विचारणार होत्या.

त्या दिवशी सोरिम बापाच्या खाटेशी बसून नासपती सोलत होती. मानसूनं मला जवळ बोलावलं. तोंडाला कुजका, गोड वास येत होता.

"अगं, हिला रोज दोन-दोन पाऊच पाजत जा. गुपचूप. डॉक्टर काही म्हणू देत. मला येणारा तुकडा जरा स्वच्छ होऊन येऊ दे."

सोरिमची सुरी थांबली. तिनं फोडी बशीत लावल्या, हात पुसले आणि ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. सोजूत काढा मिसळावा तसं पोटच्या पोरीला या माणसानं पेल्यात ओतलं होतं, आपल्याला बाधू नये म्हणून.

थोड्या वेळानं बाई सोरिमला घेऊन खाटेशी आल्या. "हे लिव्हर घेता येणार नाही. कारण सांगायचा आमचा नियम नाही."

मी सोरिमकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मला सगळं कळलं. मला हलकं वाटलं आणि मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

दाराशी बसलेल्या वन्संनी गळा काढला. मानसू म्हणाला, "ताई, मग तू?"

वन्संचं रडणं तिथल्या तिथे आटलं. "मला साखर आहे रे बाबा. आणि वयही झालं."

मग ते दोन पिवळे डोळे माझ्याकडे वळले. "तू तर थेंबसुद्धा घेतला नाहीस कधी. तुझं चांगलं असेल."

"चांगलंच आहे," मी म्हटलं.

"मग?"

माझ्या पोरीला डॉक्टरांच्या आड लपावं लागलं होतं. मला लपायचं नव्हतं.

"नाही देणार," मी म्हटलं. "तुमची किळस येते मला."

वन्सं तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. मी सोरिमचा कोट उचलला, तिच्या खांद्यावर घातला आणि आम्ही दोघी बाहेर पडलो.