भुताचं रक्त आणि धुण्याचा सोडा

"आज तिन्ही लोक हादरतील!" फुंकरबाबांनी घोषणा केली. हादरली ती फक्त त्यांची प्लास्टिकची खुर्ची. तिचा एक पाय आधीच मोडका होता. तरी प्रार्थनागृहातली गर्दी भक्तिभावाने दोन पावलं मागे सरली.

समोर सतरंजीवर धाकटी बसली होती. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं; पण तिला आवाज ऐकू येत, तिच्याच शिवणीला नावं ठेवणारे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते बरेच दबले होते. मागे एकदा गोळ्या सुटल्या, तेव्हा ती शिवणयंत्राखाली जाऊन बसली ती कित्येक दिवस बाहेर आलीच नाही. ते आठवलं की थोरल्या बहिणीला अजून घास गिळवत नसे. पण प्रार्थनामंडळातल्या काकू म्हणाल्या, "अगं, एकदा दाखवून तर बघ!" भीड ही भिकेची बहीण, थोरली तिला घेऊन आली.

बाबांनी धाकटीच्या कपाळाला पिवळं फडकं बांधलं, वर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. फडकं लालभडक!

"भुताचं रक्त! मेलं भूत! आजपासून गोळ्या गटारात!"

थोरली पुढे सरकली.

"ताई, कपाळ चुरचुरतंय," धाकटी म्हणाली.

"ऐका, भूत बोलतंय!" बाबा गरजले.

"आत्ता तर मेलं म्हणालात. मीच बोलतेय."

थोरलीने तांब्यात बोटं बुडवली. बुळबुळीत लागली. "बाबा, फडकं हळदीत बुडवून वाळवलंय ना? आणि यात धुण्याचा सोडा?"

"पाखंडी!"

"असेन. पण आमच्या ह्यांच्या शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की आमच्या मोरीतसुद्धा अशीच भुतं मरतात." तिने बाबांच्याच ताटातलं लिंबू उचलून फडक्यावर पिळलं. लाल पुन्हा पिवळं झालं. "घ्या, उठलं तुमचं भूत!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जन्मभर सगळ्यांनी हेच डाग घासलेले. पण धुणं घरी आणि श्रद्धा इथे, दोन्हींची गाठ कधी पडलीच नव्हती. बाबा चपला शोधायला म्हणून गेले, ते गेलेच.

त्यांना बोलावणारे मंडळाचे आजोबा घसा खाकरून उठले. "चूक आमची. प्रार्थनेनं धीर येतो, आजार औषधानं आटोक्यात राहतो. एकाला दुसऱ्याचं काम सांगू नये. चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी 'हे झालं कसं?' एवढं विचारावं. आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायच्या नाहीत, मग सांगणारा कुणीही असो!"

आता मंडळाला चेव आला. एकाने मनःशांती समितीची कल्पना काढली, दुसऱ्याने धाकटीच्या जाहीर सत्काराची.

"एवढं नको हो," धाकटी म्हणाली. "मंगळवारी ताईला सुट्टी नसते. दवाखान्याच्या रांगेत कुणी सोबत बसेल?"

सगळे हात वर झाले.

"पण सल्ला द्यायचा नाही."

बरेच हात खाली आले. काकूंचा तेवढा वर राहिला.

"गप्प बसेन," काकू म्हणाल्या. "विणकाम आणलं तर चालेल?"