डिझेलमधली हवा

सासऱ्यांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेला जुना ट्रक बारा वर्षं हौसेनं सांभाळला होता. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. त्या रविवारी ट्रक अंगणातच दोनदा खोकला आणि बंद पडला. डिझेलच्या पाइपात हवा शिरलीय हे त्यांनी लगेच ओळखलं, पण थरथरत्या हातातून पाना तीनदा निसटला. ते तिथंच पायरीवर बसले.

सून शिवण बाजूला ठेवून अंगणात आली. पाना उचलून म्हणाली, "बाबा, कुठला स्क्रू सैल करायचा?"

"हात काळे होतील गं."

"होऊ द्या. साबण आहे घरात."

त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू दाखवला. तिनं तो सैल केला, ते तळहातानं डिझेलचा छोटा हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल.

"आवळ आता. बेतानं!"

त्यांनी ड्रायव्हरच्या जागी चढून किल्ली फिरवली. तिसऱ्या खेपेला इंजिन धडधडलं. सासरे खाली उतरले, डोळे पुसले आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हरची जागा त्यांनी मुलालासुद्धा कधी दिली नव्हती.

"बघतेस काय? चालव."

"बाबा, मला फक्त स्कूटर येते!"

"मग हळू चालव. मी आहे ना."