तीन मिनिटं पुढे

आमच्या घरात माझा बाप सगळ्यांच्या शेवटी जेवायचा.

काळाचौकीच्या चाळीत आईची खानावळ होती, संपानंतर पोटासाठी काढलेली. दोन पंगती उठायच्या, मग मी जेवायची, मग आई. आई हात धुऊन आली की कुशाबाचं, म्हणजे माझ्या बापाचं, ताट. "उशिरा येणाऱ्याक उशिरा जेवण," असं म्हणत ती कढीचा तळ त्याच्या भातावर ओतायची. तो मान वर करायचा नाही. भाताशी बोलावं तसा हळू म्हणायचा, "मी वेळेर गेल्लंय, तुळसा."

गोष्ट एवढीच होती. ब्याऐंशीच्या संपात गिरणी दीडेक वर्ष बंद राहिली. उघडायची वेळ आली तेव्हा गेटावर कागद लागला: सोमवारी सकाळी सातच्या आत जो गेटातून आत येईल त्याचं नाव पटावर, बाकीच्यांचं कटलं. बाप पोचला तेव्हा गेट लागलेलं होतं आणि गेटावरचं घड्याळ सात वाजून दोन मिनिटं दाखवत होतं. बाहेर अडीचशे माणसं उभी होती. प्रत्येकाला वाटलं, आपलाच पाय जड झाला. कुणाच्या मनगटाला घड्याळ नव्हतं. गिरणगावाचं घड्याळ म्हणजे भोंगा, आणि संप लागल्यापासून भोंग्याच्या घशात आवाज नव्हता.

बाप एकटाच म्हणत राहिला, "नाक्यावरच्या इराण्याच्या घड्याळात सातला बारा कमी होते. तिथून गेट चार मिनिटांवर."

"इराण्याचा घड्याळ दिसला तुका, म्हणजे चाय पीत बसलंस," आई म्हणायची. तिनं ते कुणाला विसरू दिलं नाही. पाट्यावर वाटप वाटताना ती स्वतः जोडलेली ओवी गायची आणि बाप दारात तारल्यांची मासळी साफ करत ती ऐकायचा:

*वाटप वाटतंय गे बाय, खोबऱ्याचो झालो गोळो,*
*उशिराच्या घोवापायी, माझ्या जल्माचो पाचोळो.*

नव्व्याण्णव साली छातीत कापूस भरून बाप गेला. शेवटच्या आठवड्यात त्याचंच त्याला खरं वाटेनासं झालं. मला जवळ बोलावून म्हणाला, "मालन, माका वाटता, मी चायच पीत होतंय काय गो?"

हा प्रश्न मी जपून ठेवला.

चार वर्षांनी मी लोअर परळच्या एका गाळ्यात नोकरीला होते. मालकीणबाई मृणालिनीताई, गिरगावच्या फणसवाडीतल्या. बोलणं शुद्ध, चहा कमी साखरेचा. आम्ही हजेरीची यंत्रं बनवायचो. कामगारानं कार्ड दाखवलं की यंत्र वेळ टिपून घेतं.

त्या यंत्रातल्या चिपला बोलायला शिकवणं हे माझं काम. सी नावाच्या संगणकी भाषेबरोबर तयार कामांचा एक संच येतो, त्याला लायब्ररी म्हणतात. छापणं, वेळ विचारणं, जागा मागणं हे सगळं त्या संचाला येतं, पण आपण कुठल्या घरात आहोत हे त्याला ठाऊक नसतं. कोकणातून पहिल्यांदाच खोलीवर आलेल्या सुनेसारखं त्याचं असतं. स्वयंपाकात सुगरण, पण नळ कुठे, चूल कुठे, पिंप किती मोठं, हे सांगावं लागतं. तसं मी एकेक सांगायची. वेळ विचारलीस तर ह्या घड्याळाच्या चिपला विचार. जागा मागितलीस तर इथवरच मिळेल, पुढे भिंत आहे. आणि बोलायला त्याला दोन तोंडं असतात, एक रोजच्या बोलण्याचं आणि एक तक्रारीचं. कुठल्या तोंडाचं बोलणं कुठल्या तारेनं कुठे जाईल, हे मी ठरवायची.

त्या साली मोठं काम आलं. आमच्याच गिरणीच्या जागेवर काचेचे टॉवर उभे राहिले होते. तिथल्या झाडूवाल्या, लिफ्टमन, वॉचमन अशा तीनशे माणसांच्या हजेरीचं यंत्र गेटावर बसवायचं होतं, वर लाल दिव्यांच्या ठिपक्यांची हातभर लांब पाटी. काय हवं नको ते विचारायला मी आणि मृणालिनीताई गेलो. तिथले प्रशासन अधिकारी होते रघुवीरसाहेब. पंचावन्नचे, केसांना कलप, शर्टाला इस्त्री.

"घड्याळ माझ्या कार्डानं पुढेमागे करता आलं पाहिजे," ते म्हणाले.

"कशासाठी, साहेब?" मी विचारलं.

"ह्या लोकांना वेळेची किंमत नसते हो. तीन मिनिटं पुढे ठेवलं की बरोबर पळत येतात. मी इथं गिरणी होती तेव्हापासून आहे, टाईमकीपर होतो. ह्याच गेटाचं घड्याळ माझ्या हातात असायचं." ते हसले. "तेव्हा शिडी लावायला लागायची. आता तुम्ही कार्ड द्या."

मिरचीचं बी जिभेखाली धरावं तसं ते ऐकलेलं धरून मी बाहेर आले.

"देऊन टाक त्यांना हवं ते," वाटेत मृणालिनीताई म्हणाल्या. "आपल्याला काय करायचंय?"

"देते की," मी म्हटलं.

आणि दिलं. रघुवीरच्या कार्डानं घड्याळ हलेल अशी सोय केली, एक मिनिटही इकडेतिकडे न होता. फक्त घड्याळ हललं की तक्रारीच्या तोंडानं एक ओळ बोलावी असं लिहिलं. करारात म्हटलं होतं, 'तक्रारीचे संदेश योग्य ठिकाणी दाखवावेत.' योग्य ठिकाण मी निवडलं. एरवी ती तार ऑफिसातल्या कॉम्प्युटरकडे जाते. मी ती गेटावरच्या लाल पाटीकडे वळवली.

चिपमध्ये जागा पुरेना. पाटीवरची मराठी अक्षरं मी ठिपका ठिपका मांडून स्वतः काढली होती, ती मावत नव्हती. तेव्हा लायब्ररीतली अपूर्णांक छापायची सोय काढून टाकली. हजेरीला अपूर्णांक कशाला? जागा सुटली, अक्षरं बसली. रांगोळी काढावी तशी मी ती अक्षरं काढली. प्रत्येक ठिपक्याला बापाचं नाव घेतलं आणि प्रत्येक ठिपक्याला त्या माणसाला शाप दिला. आईला काही सांगितलं नाही. तिलाही हे पुराव्यासकट ऐकवायचं होतं, खोटं कशाला सांगू. शेवटी वाढलेलं प्रत्येक ताट माझ्या डोळ्यांपुढे होतं.

यंत्र सुरू झालं त्या सोमवारी मी सकाळी साडेसहापासून गेटाशी उभी होते. रांग लागली होती. सातला दहा कमी असताना रघुवीर आले, रांगेकडे न बघता कार्ड टेकवलं, दोन बटणं दाबली.

पाटीवर लाल अक्षरं सरकू लागली.

रांगेत पुढे गंगुबाई होती, झाडूवाली. साक्षरतेच्या वर्गातून नुकतीच पास झालेली, दिसेल ते मोठ्यानं वाचायची. तिनं वाचलं, "घ-ड्या-ळ... ती-न मि-नि-टं... पुढे केलं. रघुवीर-साहेब."

मग मागून एक लिफ्टमन ओरडला, "आयला, मशीन चुगली करतंय!"

"म्हणून काय गेला महिनाभर माझा अर्धा दिवस कापला? त्या जुन्या घड्याळाला पण हाच हात लावत होता!" गंगुबाईनं झाडू जमिनीवर आपटला. "ओ साहेब, खाली बघू नका, वर बघा, तुमचं नाव आलंय!"

रघुवीरनं पुन्हा बटणं दाबली. घड्याळ मागे आलं आणि पाटीनं तेही सांगितलं. रांग हसायला लागली. टॉवरवाल्या कंपनीची माणसं काचेआडून बघत होती.

मी रघुवीरसाहेबांच्या अगदी जवळ गेले. "त्र्याऐंशी साली, नावं घेतली त्या सोमवारी, किती मिनिटं पुढे होतं?"

त्यांनी मला ओळखलं नाही. घाम पुसत, पिच्छा सोडवावा तसे म्हणाले, "दहा. वरून सांगितलं होतं, नावं कमी करा म्हणून. मी नोकर माणूस. तुम्ही कोण?"

"कुशाबाची मुलगी."

"कोण कुशाबा?"

तेवढ्यात मृणालिनीताईंचा फोन आला. "तू हे मुद्दाम केलंस?"

"करारात योग्य ठिकाण असं लिहिलं होतं, ताई."

"आमच्या वाडीत ह्याला आगाऊपणा म्हणतात," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तडक घरी गेले. आई दुपारच्या पंगतीसाठी बांगडे चिरत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. शिडी, कार्ड, पाटी, दहा मिनिटं, वरून आलेला हुकूम. एकही शब्द मऊ केला नाही. प्रत्येक शब्द तिला लागावा असाच टाकला.

विळीवरचा हात थांबला. "धा मिन्टां?"

"दहा. बाबा आठ मिनिटं आधी पोचले होते."

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. अर्धा चिरलेला बांगडा टोपलीत टाकला, शेगडी बंद केली, हात लुगड्याला पुसले. तोंड राखेसारखं झालं होतं. दारात चपला चढवताना तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेखाली माझीच मान खाली गेली.

"खय असा तो? माका दाखव."

आम्ही चालत गेलो. नाक्यावर जिथे इराण्याचं दुकान होतं तिथे आता मोबाईलवाला बसतो. तिथून तिनं मोठ्यानं पावलं मोजायला सुरुवात केली ती थेट गेटापर्यंत.

रघुवीर पिशवी घेऊन बाहेर पडत होते. कंपनीनं त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. आई वाटेत उभी राहिली. तिच्या हाताला बांगड्याचा वास होता, मनगटापर्यंत खवले चिकटलेले. ते मागे सरकले.

"माझो घोव वेळेर इल्लो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "म्हण."

"बाई, मी कुणाला—"

"म्हण."

गेटावरचे वॉचमन जवळ आले. गंगुबाई झाडू घेऊन आली. लोक गोळा होत गेले. रघुवीरनी आजूबाजूला बघितलं, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"वेळेवर आला होता," ते पुटपुटले.

"नाव घेवन."

"कुशाबा वेळेवर आला होता."

आईनं मान हलवली. मला वाटलं, झालं, आता ती वळेल. ती वळली नाही.

"तुझा घर खय?"

"माहीमला. का?"

"उद्यापासून तुझ्या दारात येतलंय. रोज सकाळी, सातच्या आत. असोच म्हणूचो तू, रोज. तुझ्या बायलेन आयकाक होया, पोरांनी आयकाक होया. मी सोळा वर्सां माझ्या घोवाक बोललंय. तुझी सोळा वर्सां आता सुरू झाली."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा तिचं अंथरूण गुंडाळलेलं होतं आणि दारातल्या चपला नव्हत्या.