न झालेल्या चुकांच्या वह्या

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी पेटी आहे आणि माझ्या पोटात आरसा आहे. आरसा म्हटलं की तुमचा हात आधी केसांकडे जाईल. तसं करू नका. आजवर माझ्यासमोर इतक्या जणांनी भांग पाडले, मुरमं फोडली आणि दातांत अडकलेली सुपारी नखानं काढली, की माणसाचा चेहरा जवळ आला तरी मला शिसारी येते. मी त्यासाठी नाही. शिकणं म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यांना दाखवण्यासाठी मी आहे.

माझी रचना साधी आहे. खाली एक फळी, तिच्यावर कागद लावायचा. त्या कागदावर दुहेरी रेघांची पाच टोकांची चांदणी काढलेली असते. वर एक आडवी पाटी, म्हणजे आपला हात आपल्याला थेट दिसत नाही. समोर आरसा. आरशात बघत दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पेन्सिल रेघेला लागली की एक चूक. ऐकायला सोपं वाटतं. पण आरशात वरचं खाली दिसतं आणि हात ऐकेनासा होतो. दहा-बारा वेळा केलं की तोच हात हळूहळू वळायला लागतो. चुकत चुकत शिकणं ते हेच. पुस्तकात त्याला प्रयत्न-प्रमाद म्हणतात.

सेलूच्या बाहेर, देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका अध्यापक महाविद्यालयात माझं आयुष्य गेलं. त्याचं नाव मी सांगणार नाही. घ्यायची इच्छाच होत नाही.

मला बन्सीधर सुतारानं घडवलं. तिथे मानसशास्त्र शिकवणारे व्यंकटराव सर आठ दिवस रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात येऊन बसत. आडवी पाटी बोटभर वर झाली तर ते ती उतरवायला लावत. बन्सीधर वैतागून म्हणाला होता, "सर, आरशाचीच पेटी हाय ना? लग्नाच्या रुखवतात ठिवायचीय का?" सर हसले, पण पाटी उतरवूनच घेतली.

ती पहिली वर्षं चांगली होती. उद्याचे शिक्षक एकेक करून माझ्यासमोर बसत आणि घामाघूम होत. एक धिप्पाड छात्राध्यापक मला आठवतो. पाठाच्या सरावाला गेला असताना त्यानं पहिलीतल्या मुलाला पट्टीनं मारलं होतं, कारण काय, तर त्याचा 'ळ' वाकडा येत होता. माझ्या चांदणीच्या पहिल्याच टोकाशी त्याची पेन्सिल अडकली. वळेना. शेवटी त्यानं पेन्सिल खाली ठेवली. व्यंकटराव सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता ध्यानात आलं का? त्या लेकराचा हात असाच अडकला होता. त्यात तू वरून मारलंस." त्यानं पेन्सिल पुन्हा उचलली. मला त्या दिवशी माझ्या असण्याचा अभिमान वाटला.

मग सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दिनकरराव आले. त्यांनी मला कपाटात ठेवलं. प्रात्यक्षिक बंद झालं का? नाही. प्रात्यक्षिकाची वही मात्र दरवर्षी भरत राहिली. भागवत नावाचा लिपिक गुटख्याचा तोबरा भरून कपाटाला टेकायचा आणि आकडे सांगायचा. "पहिला प्रयत्न, चुका सदतीस. दुसरा, एकतीस. तिसरा, सव्वीस. लिहा लवकर, मला जायचंय." मुलं लिहून घेत. जी आलेली नसत, ती दुसऱ्याच्या वहीचा फोटो मोबाइलवर मागवून घेत. शेवटी प्रयोग ज्याच्यावर केला त्याचं मनोगत लिहावं लागतं. तेही ठरलेलं होतं: 'प्रयोग करताना मला आनंद वाटला व नवीन अनुभव मिळाला.' मित्रांनो, ज्याच्यावर प्रयोग केला, तो माणूसच नव्हता. नसलेल्या माणसाला आनंद वाटत होता, आणि खाली दिनकररावांची लफ्फेदार सही पडत होती.

मी कपाटाच्या फटीतून हे वर्षानुवर्षं पाहिलं, ऐकलं. वही लिहिणाऱ्यांना अध्ययनाच्या उपपत्ती तोंडपाठ होत्या. मांजर पेटीतून कसं सुटतं, कुत्र्याला लाळ का सुटते, सगळं धडाधड सांगत. स्वतःचा हात मात्र एकदाही चुकलेला नव्हता.

भागवत मला अधूनमधून बाहेर काढी, ते मिशा कातरायला. मिशांचे बारीक केस माझ्या फळीवर पडत आणि तिथेच राहत. बोलता बोलता त्याच्या तोंडातून उडालेले लाल थेंब काचेवर वाळत. कोपऱ्यात पालीच्या लेंड्या साचल्या. मला स्वतःचाच वास सहन होत नव्हता.

एकदा तपासणीसाठी समिती आली. त्या सकाळी मला फिनाइलच्या फडक्यानं पुसलं, टेबलावर ठेवलं आणि शेजारी प्लास्टिकची फुलं मांडली. समितीतले तिघे आधी जेवले. मग एकानं मला उचललं. त्याच्या बोटांना अजून रश्श्याचा चिकटपणा होता. त्यानं मला उलटं धरून विचारलं, "हे काय?"

"आरसा-रेखन, सर," दिनकरराव म्हणाले. "विद्यार्थी नियमित वापरतात."

"वा," तो म्हणाला आणि त्यानं ढेकर दिला. कागदावर लिहिलं गेलं: उपकरणे सुस्थितीत. आडवी पाटी तेव्हा मागच्या बाजूला लावलेली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अशा ठिकाणी गेल्या वर्षी धम्मशीला आली. ती ताडकळसची. सेलूत खोली करून राहायची. आकडे सांगायचा दिवस आला तेव्हा तिनं वही मिटली.

"मला पेटी पायजे," ती भागवतला म्हणाली.

"कशाला? आकडे देतो की."

"आकडे नको. पेटीच द्या. शाळेत न्यायचीय."

"लय शहाण्या हायत बाई," भागवत बाकीच्यांकडे बघत म्हणाला. पण फाट्यापलीकडच्या गावात तिचा सरावपाठ होता आणि मी कपाटात धूळच खात होते. त्यानं मला तिच्यासमोर सरकवलं. मला उघडताच धम्मशीलानं नाकाला रुमाल बांधला. लाकूड फुगेल म्हणून तिनं मला नळाखाली धरलं नाही. ओल्या कपड्यानं, बोटभर बोटभर जागा पुसत, दुपारभर साफ केलं. कितीतरी वर्षांनी मला माझ्या लाकडाचा वास आला.

गच्च भरलेल्या जीपमध्ये तिच्या मांडीवर बसून मी शाळेत गेले. पाचवीच्या वर्गाचे नागेश सर दारातच भेटले. मी त्यांना ओळखलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी याच महाविद्यालयातून पदवी घेतली होती, आणि सदतीस, एकतीस, सव्वीस त्यांच्याही वहीत होते. त्यांनी मला कधी हात लावलेला नव्हता.

त्यांच्या वर्गात शेवटच्या बसकरपट्टीवर बबिता बसायची. वाचताना ती ओळ सोडून भलतीकडेच जाई, लिहिताना अक्षरं गाळी. नागेश सर तिच्यासमोरच धम्मशीलाला म्हणाले, "हिच्यावर वेळ घालवू नका मॅडम. दगड हाय. तिच्या आईला सांगून टाकलंय मी, पोरगी कामाला लावा म्हणून." बबितानं वरसुद्धा बघितलं नाही. ते शब्द तिनं बहुधा रोजच ऐकले असावेत.

धम्मशीलानं नेमकं बबितालाच माझ्यासमोर बसवलं. पहिल्या दिवशी एक्कावन्न चुका झाल्या. बबितानं पेन्सिल टाकली.

"न्हाई येत मला."

"कुणालाच येत न्हाई पहिल्यांदा," धम्मशीला म्हणाली. "मपल्या त्रेसष्ट झाल्या. हे बघ." आणि तिनं स्वतःचा कागद दाखवला. खरंच त्रेसष्ट होत्या. बबितानं त्या दोनदा मोजल्या.

रोज मधल्या सुट्टीत एक चांदणी. एक्कावन्न, अठ्ठेचाळीस, पुन्हा बावन्न, मग एकदम चौतीस. धम्मशीला प्रत्येक आकडा आलेखावर टिंब देऊन मांडायची आणि टिंबं जोडायला बबिताला सांगायची. सहाव्या दिवशी बबिता ती रेघ ओढता ओढता थांबली. "मॅडम, हे खाली यायलंय!" असं ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की पोरं डबे टाकून धावत आली.

नागेश सरही आले. पोरांसमोर त्यांना राहवलं नाही. "त्यात काय एवढं? सरका." ते मांडी घालून बसले. पेन्सिल चांदणीच्या टोकाला गेली आणि तिथेच घुटमळायला लागली. पोरं मोठ्यानं चुका मोजायला लागली. सरांच्या कानशिलावर घाम आला. तिसऱ्या टोकाशी ते चिडून म्हणाले, "काय फिजूल थेरं हायत ही!" पण पेन्सिल त्यांनी सोडली नाही. तेव्हा बबिता त्यांच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "सर, घाई करू नका. मला बी आधी येत न्हवतं."

सरांनी चांदणी पुरी केली. मग ते उठले आणि हौदावर जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिले.

दिवाळीनंतर महाविद्यालयात प्रात्यक्षिकाची परीक्षा झाली. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. धम्मशीलानं बबिताला सोबत आणलं होतं, आणि बबिताबरोबर तिची आई मालनबाईही आली होती. ऐन कापूस वेचणीचे दिवस. "आजचा दिवस मोडला," असं पुटपुटत ती दाराजवळ जमिनीवर बसली. पोरीला सोमवारपासून वेचणीला न्यायचं तिनं ठरवलेलं होतं, तसं तिनं आल्याआल्याच सांगून टाकलं.

परीक्षक बाईंनी वह्या चाळल्या. वही उघडली की सदतीस, पुढची उघडली की सदतीस. बाई चहा पीत सह्या करत गेल्या. मला वाटलं, आता तरी त्या थांबतील आणि विचारतील, की एका वर्गातल्या सगळ्या माणसांच्या चुका अगदी सारख्या कशा? त्या थांबल्या, पण धम्मशीलाच्या वहीवर.

"हे आकडे असे कसे? तिसऱ्या प्रयत्नाला चुका वाढल्यात. बाकी कुणाच्या वाढलेल्या नाहीत."

दिनकरराव पुढे झाले. "नवीन आहे ती, मॅडम. धम्मशीला, वही घे आणि दुरुस्त करून आण. बाहेर भागवत बसलेत, ते सांगतील."

धम्मशीलानं वही घेतली नाही.

"सर, ह्या चुका मपल्या न्हाईत, बबिताच्या हायत. मी कशा दुरुस्त करू?"

"गुण जातील तुझे."

"जाऊ द्या."

"परीक्षेला उगी खोळंबा नको," परीक्षक बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर टेबलावरच होते. बबिता हातभर अंतरावर उभी होती. "हिला एकदा करू दे, बघू," एवढंच त्यांना म्हणायचं होतं. दोन मिनिटं लागली असती. त्यांनी पंचवीसपैकी अकरा गुण मांडले, बिस्किटाचा चुरा वहीवरून झटकला आणि पुढची वही ओढली. फिनाइल, गुटखा, रस्सा, सगळं मी सोसलं होतं. पण त्या चुऱ्याइतकी किळस मला कशाचीच आली नव्हती.

मालनबाईला एवढंच कळलं, की काहीतरी बिनसलंय. ती उठून पुढे आली. "काय झालं ताई? मपली पोरगी नापास झाली का?"

"न्हाई मावशी. ती न्हाई."

"मंग ह्यात काय लिहिलंय तिचं?"

धम्मशीलानं वही उघडून आलेख तिच्यापुढे धरला. मालनबाईला अक्षर येत नव्हतं. धम्मशीलानं तिचं बोट धरून पहिल्या टिंबावर ठेवलं. "हितं एक्कावन्न वेळा चुकली. हितं जरा जास्तच चुकली. मंग बघा, खाली, खाली. शेवटच्या दिवशी नऊ."

मालनबाईचं चिरा पडलेलं बोट त्या रेघेवरून पुन्हा एकदा गेलं. मध्ये जिथे रेघ वर चढली होती तिथे ते जरा थांबलं, मग उतरलं.

"म्हंजे शिकायलीय ही," ती म्हणाली.

"शिकायलीय."

"मास्तर तर म्हणले दगड हाय." ती लेकीकडे बघत राहिली. मग दिनकरराव, परीक्षक बाई, सगळे ऐकतील असं म्हणाली, "मंग न्हाई नेत मी हिला वेचणीला. एकटीच वेचते." धम्मशीलानं तो आलेखाचा कागद वहीतून अलगद सोडवून तिच्या हातात दिला. दिनकरराव काहीतरी बोलले, पण तोवर मायलेकी दाराबाहेर पडल्या होत्या.

त्या दिवशी मला पुन्हा कपाटात टाकलं. तेव्हापासून मी इथेच आहे. धम्मशीलाच्या गुणपत्रिकेत ते अकरा गुण तसेच राहिले, आणि बाकीच्यांच्या वह्यांवर 'उत्तम' असा शेरा आहे. बबिता अजून शाळेत जाते, असं धम्मशीला एकदा व्हरांड्यात मैत्रिणीला सांगत होती, तेवढं माझ्या कानावर आलं. नागेश सर बदलले की नाही, ते मला माहीत नाही. उगाच गोड सांगणार नाही.

मित्रांनो, मला फुलं नकोत आणि समितीपुढे मांडणंही नको. तुमच्या शाळेत, महाविद्यालयात माझ्यासारखी एखादी पेटी कपाटात कोंडलेली असेल. तिला बाहेर काढा, कोरड्या कपड्यानं पुसा आणि तिच्यासमोर बसा. हात अडकेल, घाम येईल, कुणीतरी हसेल. हसू द्या. मग जे होईल ते वहीत लिहा. आणि चूक लिहायचीच असेल, तर आधी ती स्वतः करा.