दहापासून सुरू होणारी टेप

मित्रांनो, माझ्या अंगावर एक ते नऊ हे आकडे शोधू नका, सापडणार नाहीत. मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे आणि माझी सुरुवातच दहापासून होते. असे का झाले, आणि त्यापायी एका कुटुंबाचे घर कसे चुकता चुकता राहिले, ते आज सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या पट्टीवर काळे आकडे छापले, टोकांना पत्र्याच्या टोप्या ठोकल्या आणि गुंडाळी करून मला दुकानात पाठवले. नुकतेच शिवण शिकलेल्या एका मुलीने मला विकत घेतले. पुढे सारी गल्ली तिला मावशी म्हणू लागली, आणि मी मावशींच्या गळ्यात राहू लागले. वाढत्या मुलांच्या बाह्या मोजल्या, सुटलेली पोटे मोजली. पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला मावशी म्हणायच्या, "श्वास सोडा हो. हा शर्ट घालून जेवायचंय ना?"

तिसऱ्या वर्षी माझ्या टोकावर गरम इस्त्री पडली. नऊ इंच जळून आकसले. मावशींनी मला बरोबर दहाच्या रेघेवर कापले.

"नवी घे की," यजमान म्हणाले. ते शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते.

"कशाला? पन्नास इंच चांगले आहेत. दहावर धरायचं, आकड्यातून दहा वजा करायचे. झालं."

मावशींच्या हाताला ही सवय इतकी पडली की पुढे ती कुणाला सांगायची असते हेच त्या विसरल्या.

वीस वर्षांनीही मावशींचे कुटुंब तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. सासूबाईंचे गुडघे गेले, हातात वॉकर आला आणि त्यांचा जिना सुटला. दीड वर्ष त्यांनी रस्त्याला पाय लावला नव्हता. "मी आता खिडकीतली कुंडी झाले. पाणी घालत जा," असे म्हणून त्या हसायच्या. मावशींना मात्र ते हसू टोचायचे. एक दिवस त्यांनी ठरवले, आईंना स्वतःच्या पायांनी रस्त्यावर न्यायचेच. त्यासाठी रो-हाऊस घ्यायचे. खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरे, प्रत्येकाचे दार थेट रस्त्यावर.

त्यांनी कापडाच्या खडूने कागदावर लिहिले : आईंची खोली आणि बाथरूम खालीच. कापायचे टेबल उजेडात. हप्ता एकट्या पगारात बसला पाहिजे, कारण शिवण कधी असते, कधी नसते.

"आणि गॅलरी?" ड्रायव्हर म्हणाले. "दिवसभर त्या सीटवर पाय दुमडून बसतो मी. संध्याकाळी जरा लांब करायला नकोत?"

मावशींनी अगदी खाली बारीक अक्षरात लिहिले, जमली तर गॅलरी.

पाच घरे पाहून झाली. सहावे कोपऱ्यावरचे. चकचकीत फरशी, रुंद गॅलरी, हप्ताही जेमतेम बसणारा. पण नेमका मावशींच्या हातात दवाखान्याच्या साठ गाऊनचा गठ्ठा होता. म्हणून ड्रायव्हर मला खिशात घालून एकटेच गेले.

बाथरूमच्या दारात त्यांनी माझे टोक एका बाजूला दाबून धरले आणि दुसऱ्या बाजूचा आकडा वाचला. "चौतीस! वॉकर पंचवीस. आई नाचत जाईल!"

मित्रांनो, तोंड नसण्याचे दुःख मला त्या दिवशी कळले. मी हातात वळले, गुंडाळी झाले. "काय ही वळवळ," म्हणत त्यांनी मला पुन्हा सरळ केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसाराचे पैसे द्यायला सगळे गेले. सासूबाईंना खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी खाली उतरवले होते. नव्या घरात त्या हौसेने वॉकर सरकवत बाथरूमपाशी गेल्या आणि टक्‌ असा आवाज झाला. वॉकर दारात अडला.

"तिरका घे, आई."

"अरे, मी कपाट आहे का तिरकं घ्यायला?"

मावशींनी मला गळ्यातून काढले. दहा एका बाजूला धरला. "हे चोवीस आहे."

"शक्य नाही! टेप हीच, दार हेच!"

"अहो, तुम्ही कुठून मोजलंत?"

"कुठून म्हणजे? टोकापासून. टेप काय मधूनच मोजतात?"

मावशींनी माझे दहाचे टोक त्यांच्यापुढे धरले. "कापली तेव्हा एकदा बोलले, पुन्हा मीच कधी आठवण करून दिली नाही. वीस वर्षं एका घरात राहून."

घर दाखवणारा एजंट घाईला आला होता. "ताई, एवढ्याशा दाराचं काय घेऊन बसलात? आजी वरचं बाथरूम वापरतील. संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय."

"वरचं?" सासूबाई म्हणाल्या. "तेवढं चढले तर मी थेट वरच पोचेन की रे बाबा!"

मावशी हसल्या नाहीत. दार रुंद होईल का, विचारले. भिंतीत शेजारच्या घराचेही नळ होते, ती फोडता येणार नव्हती. त्यांनी पर्स बंद केली. "घर छान आहे. पण आमचं नाही."

"अगं, पण गॅलरी..."

"गॅलरीत तुम्ही तासभर बसाल. आईंना दिवसातून सहा वेळा या दारातून जायचंय."

मग मावशींनी त्याच रांगेतल्या मधल्या घराचा हट्ट धरला. त्या आधीच मला घेऊन ते पाहून आल्या होत्या. रंग उडालेला, गॅलरी नाही. पण खालच्या बाथरूमचे दार तीस इंच, हप्ता पगारात बसणारा, आणि पुढच्या खोलीत भरपूर ऊन.

"इथे टेबल लावणार मी," त्या म्हणाल्या.

"मग पाहुणे कुठे बसतील?" एजंटने विचारले.

"पाहुणे वर्षातून चारदा येतात. गिऱ्हाइकं रोज."

ड्रायव्हर दोन दिवस गॅलरीचेच घोकत होते. तिसऱ्या दिवशी मावशी त्यांना त्या घरापाशी घेऊन गेल्या. "बसा पायरीवर. पाय सोडा." मग कमरेपासून टाचेपर्यंत मी लागले. बेचाळीस. पायरीपासून फाटकापर्यंत लागले. सेहेचाळीस.

"चार इंच शिल्लक राहतात," मावशी म्हणाल्या.

ड्रायव्हरांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. "दहा वजा केलेस ना?"

आणि दोघेही रस्त्यात खो खो हसले.

आता तेच त्यांचे घर आहे. ड्रायव्हरांनी दुसऱ्याच आठवड्यात मावशींना कोरी टेप आणून दिली, एकपासून सुरू होणारी. मी दाराजवळच्या खिळ्यावर आले. माझ्यावर धूळ बसते, आकडे पुसट झालेत. वाईट वाटते कधी कधी. पण इथून पायरी दिसते. संध्याकाळी ड्रायव्हर तिथे पाय पसरून बसतात आणि मागून आवाज येतो, "पाय घे रे आत, मी निघाले." ते पाय आखडतात. सासूबाई वॉकर सरकवत फाटकातून बाहेर पडतात आणि थेट रस्त्यावर पोचतात.

मित्रांनो, घर निवडाल तेव्हा फरशीच्या चकाकीला भुलू नका. घरात कोण कसे चालते, कुठे बसते, काय काम करते, ते आधी मोजा आणि मग भिंती मोजा. घरातल्या जुन्या वस्तू फेकू नका, पण त्यांची खोड मात्र सगळ्यांना सांगून ठेवा. मी अजून खिळ्यावरच आहे. कुणाला घर पाहायला जायचे असेल तर मला खुशाल घेऊन जा. फक्त दहापासून मोजा.