सतरा टक्क्यांत तंजावर

कुंभकोणम् सोडताना विजेवरच्या गाडीच्या पडद्यावर सतरा टक्के होते. श्रीविद्यानं आकडा पाहिला आणि शेजारी बसलेल्या सासऱ्यांना, चंद्रमौळींना, तो सांगितला नाही.

चंद्रमौळींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिस तंजावरला व्हायचं. सणाच्या सुट्टीत केंद्र बंद राहिलं, ते आज उघडणार होतं, आणि दोन खेपांमधलं अंतर वाढलं. अंगात पाणी साठत गेलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून काल रात्री ते खुर्चीतच बसून होते. मागे एकदा असंच पाणी फुफ्फुसात गेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुढच्या वेळी इतका उशीर परवडणार नाही.

श्रीविद्याची नोकरी तंजावरातच होती. रोजचा रस्ता. कुठल्या पुलाच्या चढाला बॅटरी किती उतरते, एसी बंद केला तर काय वाचतं, हे तिला तोंडपाठ होतं. नवरा रघुराम चेन्नईत असायचा. तो थट्टेनं म्हणायचा, "तू गाडी नाही चालवत, उपास करवतेस तिला." गाडी जुनी, बॅटरी थकलेली. पण रात्री चार्जिंगला लावायची आणि सकाळी निघायचं, यात कधी खंड पडला नव्हता.

काल पडला. काल खंडेनवमीची आयुधपूजा होती. ती केबल घ्यायला खाली आली तेव्हा केबल जागेवर नव्हती. सासूबाईंनी, मीनाक्षीबाईंनी, ती देवघरात नेली होती. सरस्वतीपुढे पुस्तकं, विळी, हातोडी, श्रीविद्याचा लॅपटॉप आणि वेटोळं करून ठेवलेली चार्जिंगची केबल. सगळ्यांना चंदन-कुंकू लावलेलं.

"आत्याबाई, ही मला रात्री लागते."

"पूजेला बसवलेलं आयुध रात्री उचलायचं नसतं ग. उद्या पुनःपूजा झाली की घे. आमच्या तंजावर घराण्यात कुणी उचललेलं नाही."

सासऱ्यांना श्वास लागलेला असताना वाद नको, म्हणून तिनं केबल तिथंच ठेवली. हिशेब करून पाहिला. सतरा टक्क्यांत पापनाशम् सहज गाठता येईल. त्याच्यापुढे एका हॉटेलच्या आवारात जलद चार्जर आहे. तिथं थोडा वेळ थांबलं की तंजावर. हिशेब बरोबर होता.

खिडक्या उघड्या ठेवून ती बेतानं चालवत होती. दोन्ही बाजूंना भातशेतं. विजयादशमी असल्यानं रस्त्यावर वाहनं थोडी, आणि होती त्यांना केळीचे खुंट बांधलेले.

"एसी लाव की," चंद्रमौळी म्हणाले.

"वारा चांगला आहे, मामंजी."

"म्हणजे बॅटरी नाही." ते हसायला गेले आणि खोकले. खोकला लवकर थांबला नाही.

हॉटेल बंद होतं. चार्जरचा दिवा मात्र हिरवा होता. तिला हायसं वाटलं. तिनं गाडी लावली, चार्जरची जाड केबल ओढली आणि गाडीच्या तोंडावरचं झाकण उघडलं.

आत चंदन होतं. प्रत्येक भोकावर वाळलेला पिवळा थर आणि त्यावर कुंकू. झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या बोटाचा ठसा उमटला होता.

तिनं रुमालानं पुसलं. वरचं निघालं. केबल जोडली. चार्जरनं टक् असा आवाज केला आणि दिवा लाल झाला. पुन्हा पुसून पुन्हा जोडली. पुन्हा लाल.

तिनं घरी फोन लावला.

"आत्याबाई, गाडीचं झाकण उघडून चंदन लावलंत?"

"लावलं की. चाकांना लावलं, स्टिअरिंगच्या चक्राला लावलं. ती जेवते तिथंच नाही लावायचं?"

"किती आत?"

"नीट लावलंय. वातीनं. एकेका भोकात." पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. "का ग? पोचलात का?"

"नाही अजून," म्हणून तिनं फोन ठेवला. आत वीज खेळते तिथं सुई-काडी घालायची तिची छाती नव्हती. ओलं चंदन किती खोल गेलं असेल हे कळायला मार्ग नव्हता.

"मी होतो तिथं," चंद्रमौळी हळूच म्हणाले. "वाटी मीच धरली होती."

तिनं रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी दुसऱ्या रुग्णाकडे गेली होती. येईल, पण वेळ लागेल. ओळखीच्या टॅक्सीवाल्याला केला. तो म्हणाला, "अम्मा, गाडी पूजेत आहे, ड्रायव्हर गावाला." पडद्यावर आठ टक्के. सासऱ्यांनी मान मागे टेकायचा प्रयत्न केला आणि लगेच पुढे झुकले. ओठ निळसर दिसत होते. की उन्हामुळे तसं वाटत होतं? तिनं पुन्हा पाहायचं टाळलं.

इथं थांबलं तर रुग्णवाहिका येईपर्यंत थांबावं लागेल. पुढे गेलं तर गाडी शेतांच्या मधे बंद पडेल. हॉटेलपाशी बस थांबत नव्हती. पुढच्या गावाच्या फाट्यावर थांबायची. फाट्यापर्यंत आठ टक्के पुरतील, पण तंजावरपर्यंत पुरणार नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच ती गाडी सोडायच्या बेतानं गाडी चालवत होती.

वाटेत पडद्यावर कासवाचं चित्र आलं, बॅटरी संपत आल्याची खूण. गाडीनं जोर सोडला. सायकलवाला पुढे गेला. "मामंजी, बोलत राहा," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या द्या."

"तुला नाही. वातीला देतो." मग नुसता श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

फाटा आला तेव्हा मागून बस येत होती. श्रीविद्यानं गाडी तिरकी लावली, दार उघडं टाकलं आणि रस्त्यात उभी राहून दोन्ही हात वर केले. बस करकचून थांबली.

कंडक्टर वैतागला होता. "काय अम्मा, चकचकीत कार सोडून आमच्या डब्यात? पेट्रोल संपलं?"

"म्हातारे आहेत. श्वास लागलाय. तंजावर, डायलिसिस."

त्याचा चेहरा बदलला. तो खाली उतरला, "ऐया, माझ्या गळ्यात हात टाका," म्हणाला आणि त्यांना जवळजवळ उचलूनच वर घेतलं. पुढच्या बाकावरची बाई न सांगता उठली. कंडक्टरनं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "अण्णा, मधे कुठं थांबायचं नाही." मागून कुणीतरी कुरकुरलं. त्याला कंडक्टर म्हणाला, "तुला उतरायचं असेल तर धावत्या बसमधून उतर."

बस केंद्राच्या दारातच थांबली. तंत्रज्ञ सतीशकुमारनं खुर्ची रिकामी ठेवली होती. ऑक्सिजन लावला, सूज दाबून पाहिली आणि सुया लावल्या. "अजून थोडा वेळ झाला असता तर," एवढंच तो म्हणाला.

यंत्राच्या माथ्यावर चंदनाचा ताजा ठिपका होता. श्रीविद्या पुढे झाली. नळ्या यंत्रात शिरतात तिथं वाकून तिनं बोट फिरवलं.

"मॅडम, काय बघताय?"

"आत कुठं लावलंय का?"

"छे, नुसत्या पत्र्यावर लावतो."

"मला दाखवा."

सतीशकुमारनं तिच्याकडे पाहिलं आणि एकेक जोड जवळून दाखवला. सगळे साफ होते. यंत्र सुरू झालं. रक्त नळीतून चढू लागलं. ती मात्र खुर्चीला धरून उभीच राहिली.

तिचा फोन वाजला. मीनाक्षीबाई.

"तिला सांगू नकोस," चंद्रमौळी मास्कमधून म्हणाले. "झोप उडेल तिची."

"उडू द्या, मामंजी," श्रीविद्या म्हणाली आणि फोन उचलला.